शिळी थुंकी

त्या दीड वर्षात मी लोकांची थुंकी गोळा करत होते. असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग जरा मागं सरकून बसतो. पण काम तेच होतं. त्याआधी बरीच वर्षं मी परभणीतल्या एका छोट्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासत आले होते. एका संशोधन प्रकल्पाला खेड्यापाड्यांत फिरून नमुने घेणारी, बायकांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणारी टेक्निशियन हवी होती. लॅबच्या मालकांनी माझं नाव सुचवलं आणि रजाही त्यांनीच दिली.

प्रकल्प तोंडाच्या कॅन्सरवर होता. आमच्याकडं बायका दातांना तंबाखूची मिश्री लावतात, गडीमाणसं तंबाखू खातात, आणि तोंडातली गाठ दवाखान्यात पोचते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. प्रकल्पाच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून वयानं लहान होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि कागदावर एक गोल काढला. ही पेशी, म्हणाल्या. मग त्या गोलाभोवती पेनाच्या टोकानं पुष्कळ ठिपके दिले. अंगातली प्रत्येक पेशी जिवंत आहे तोवर बाहेर बारीक बारीक पिशव्या सोडत राहते. शास्त्रज्ञ त्यांना व्हेसिकल म्हणतात. त्या इतक्या बारीक, की मी आजवर हाताळलेल्या कुठल्याच मायक्रोस्कोपमध्ये दिसायच्या नाहीत. प्रत्येक पिशवीत तिच्या पेशीचाच थोडा ऐवज असतो, प्रथिनं, आनुवंशिक संदेशांचे तुकडे. पेशी बिघडायला लागली की तिच्या पिशव्याही बिघडलेला ऐवज घेऊन निघतात आणि रक्तात, लघवीत, थुंकीत तरंगत राहतात. डोळ्यांना काही दिसायच्या आधी त्या पिशव्यांवरून ओळखता आलं तर? हा ‘तर’ अजून सिद्ध व्हायचा आहे, असं त्या दोनदा म्हणाल्या. नमुने हवेत ते त्यासाठीच.

त्या संध्याकाळी मी सिटीबसमधून घरी येत होते आणि मला काहीतरी झाल्यासारखं वाटत होतं. समोर बसलेली भाजीवाली, दांडीला धरून डुलक्या घेणारा मास्तर, खिडकीला नाक लावलेलं लहान मूल, सगळे मला धूसर दिसायला लागले. कडा पुसट झाल्यासारखे. प्रत्येकजण गप्प बसूनही सारखं काहीतरी सांगतोय आणि ते ऐकायला कुणीच नाही, असं वाटत राहिलं. माझा थांबा मागं गेला तेही मला कळलं नाही. पुढचे कित्येक महिने मी अशीच अर्धवट तरंगत होते. घरची मंडळी म्हणायची, बोलताबोलता कुठं जातेस तू.

कामाला मात्र तरंगून चालत नसे. थुंकी सकाळची, चूळ न भरता, चहा न घेता, मिश्री न लावता हवी. माणसानं खाली मान घालून बसायचं, तोंडात लाळ साठू द्यायची आणि आपसूक नळीत सोडायची. खाकरायचं नाही. नळी लगेच बर्फाच्या पेटीत. दोन तासांच्या आत ती यंत्रात घालून गरगर फिरवायची, म्हणजे जड गाळ तळाला बसतो. मग वरचं निवळ पाणी बारीक नळ्यांत भरून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं. त्या फ्रीजरचं दार उघडलं की पांढरी वाफ जमिनीपर्यंत ओघळत यायची. आत ओळीनं मांडलेल्या नळ्या, प्रत्येकीवर नाव नाही, फक्त आकडा. एका नळीत माझीही थुंकी होती. निरोगी माणसांचेही नमुने लागत, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी दिली होती. तिचा आकडा मी मुद्दाम पाहिला नाही.

जिच्यामुळं हे सगळं सांगतेय ती बाई मला भेटली बोरी गावात. शाळेच्या ओसरीवर आमचं शिबिर होतं आणि पहाटेच्या धुक्यात बायका डोक्यावरून पदर घेऊन रांगेत बसल्या होत्या. ही सगळ्यांत शेवटी, जरा लांब, भिंतीला टेकून. पन्नाशी ओलांडलेली, काटक, हातात चांदीचं जाड कडं. मेंढरं राखणाऱ्या घरची होती. तिचा नंबर आला तेव्हा मी समोर उकिडवी बसले आणि रोजचं सांगायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, शिळी थुंकीच का, ताजी का नको? मी म्हटलं, तोंडात रात्रभर साठलेलं सगळं त्यात असतं. तिनं मान डोलावली. तिच्या आईनं तिला लहानपणी पुळीवर शिळी थुंकी लावायला शिकवलं होतं, मेंढरांच्या डोळ्यालाही ती लावायची. तेव्हा शिळ्या थुंकीत काहीतरी असतं हे मी तिला सांगायची गरजच नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून तिचं तोंड पाहिलं. मिश्रीनं काळवंडलेले दात, खरबरीत हिरड्या, पण जखम, चट्टा असं काही नाही. मी संमतीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. त्याआधी कागदात लिहिलं होतं ते वाचून दाखवलं, की हे संशोधन आहे, प्रत्येकाला निकाल मिळणार नाही, पण डॉक्टरांना गरज वाटली तर पुन्हा बोलावू. तिनं नळी तोंडाशी धरली आणि डोळे मिटून इतकी निवांत बसली की मला वाटलं, झोपलीच. नळी भरल्यावर तिनं ती उजेडात धरून पाहिली.

“यात काय दिसंल तुमाला?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, मावशी, मला काहीच दिसणार नाही. लांब मोठ्या शहरात मशीन आहे, तिला दिसलं तर दिसेल. तिला ते उत्तर आवडलं असावं. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेली.

पावसाळा गेला, कापूस फुटला, वेचून झाला. कोरड्या बर्फात गुंडाळून आम्ही नमुने पाठवत राहिलो. मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून तीन आकडे दाखवले. या तिघांच्या पिशव्यांमधला ऐवज इतरांपेक्षा वेगळा येतोय. त्याचा अर्थ काय ते आम्हाला नक्की माहीत नाही, पण तिघांची थुंकी पुन्हा घेऊ आणि तोंड नीट तपासू. मला बजावलं, की कॅन्सर हा शब्द काढायचा नाही. तो शब्द काढण्याइतकं आपल्याला काहीच कळलेलं नाही. मी रजिस्टर उघडून आकड्यांवरून माणसं काढली. पहिली दोन माणसं लगेच सापडली. तिसरा आकडा त्या मावशीचा होता.

दुसऱ्या दिवशी बोरीला गेले तर घराला कुलूप. शेजारी राहणाऱ्या तिच्या दिरानं सांगितलं, कळप येलदरी धरणाच्या अंगाला गेलाय. नवरा, सून आणि ती, तिघं बरोबर आहेत. फोन सुनेकडं आहे, पण तो लागेलच असं नाही. तो लागला नाही. आमच्या जीपचे ड्रायव्हर साठीकडं झुकलेले होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते म्हणाले, मेंढरं काही हवेत उडून जात नाहीत, चला.

खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, त्यामुळं कळप शेत बदलत बदलत जातो. जिंतूरच्या पुढं एका चहाच्या टपरीवर कळलं, परवा इकडूनच गेले. मग एका शेतकऱ्यानं सांगितलं, माझ्याच रानात चार दिवस होते, काल हलले. काळ्या मातीवर लेंड्यांचा नुसता सडा होता. आम्ही कच्च्या रस्त्यानं निघालो. सकाळची थंडी, जीपचा एकसुरी आवाज, दोन्ही बाजूंनी हरभऱ्याचं आंबूस वास सोडणारं रान. माझे डोळे जड झाले. झोपेत मला ती फ्रीजरची वाफ दिसत होती आणि वाफेतून एकामागून एक पांढरी मेंढरं निघून येत होती, आवाज न करता. त्यांच्या अंगावर माझ्या अक्षरात आकडे लिहिलेले. मी माझा आकडा शोधत होते, पण तो मी कधी पाहिलाच नव्हता.

जाग आली तेव्हा जीप उभी होती आणि समोर खरंच सगळं पांढरं होतं. धरणाच्या पाण्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. पाणी मागं सरलेल्या जमिनीवर कोवळं गवत उगवलं होतं, आणि त्या गवतात धुक्याचेच गोळे असावेत तशी मेंढरं चरत होती. चाचा खाली उतरून बिडी ओढत उभे होते. म्हणाले, मॅडम, दहा मिनिटं झाली, तुमची झोप मोडावीशी वाटली नाही.

मावशी चुलीजवळ बसून भाकरी थापत होती. मला पाहून तिला नवल वाटलं नाही. तिनं सुनेला चहा टाकायला सांगितला. मी येण्याचं कारण सांगितलं तसा तिचा हात परातीतच थांबला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि मला समजावून सांगितलं. आठ मेंढ्या आज-उद्या व्यायच्यात. नवऱ्याचा गुडघा धरलाय. सून एकटी. थुंकी न्यायची तर आता न्या, परभणीला मात्र संक्रांत झाल्यावर बघू.

“मला तर काय बी व्हईना, माय,” ती म्हणाली. “ना दुखायलंय, ना खुपायलंय.”

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. एका दिवसाचं काम आहे, जीपनं नेऊ, जीपनं आणून सोडू. ती हसून ऐकत होती आणि भाकऱ्या करत होती. तिचा नवरा बाजेवर बसून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहत होता. जो शब्द काढल्यावर ती कदाचित आली असती, तो काढायचा नव्हता, आणि काढला असता तर ते खोटंही ठरलं असतं. मी पाण्याकडं पाहिलं. तेवढ्यात मला बाभळीला बांधलेली एक मेंढी दिसली. तिच्यापुढं वेगळा चारा होता, वेगळ्या घमेल्यात पाणी होतं. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, हिला काय झालंय?

“काय न्हाई.”

“मग येगळी कामून बांधली?” माझ्या तोंडून आपोआप घरची बोली आली.

ती उठली, मेंढीजवळ गेली, तिच्या कानामागं खाजवलं. “कालधरनं जरा मागं मागं ऱ्हायलीय. चरायलीय, पाणी प्यायलीय, अंग बी गरम न्हाई. पर मला काय तरी येगळं वाटायलंय. म्हनून ठिवली बाजूला.”

ती मेंढीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. धुकं हळूहळू वर चढत होतं आणि पाण्याचा एकेक पट्टा उघडा पडत होता. मग ती माझ्याकडं वळली.

“तुमच्या त्या मशिनीला बी असंच वाटलंय व्हय?”

“हो मावशी. नुसतं वाटलंय. त्याच्यापुढं कुणालाच काही माहीत नाही.”

“लय येळा काय बी निघत न्हाई,” ती म्हणाली. “चार दिस बांधती आन सोडून देती.”

मी विचारलं, आणि निघालं तर? चुलीपाशी परत येऊन तिनं तव्यावरची करपायला आलेली भाकरी उलटली आणि सुनेला हाक मारून कुठली मेंढी कधी विणार ते एकेक करून सांगायला लागली. सांगून झाल्यावर मला म्हणाली, परवाची पहिली गाडी धरून येते, जीप पाठवू नका.

ती आली. एसटीनं, एकटी, धुतलेलं लुगडं नेसून. डॉक्टरीणबाईंनी ज्यांना बोलावलं होतं ते तोंडाचे डॉक्टर वयस्कर, मितभाषी होते. त्यांनी तिच्या तोंडात निळं औषध लावलं, चूळ भरायला लावली, आणि खालचा ओठ बाहेर दुमडून बराच वेळ पाहत राहिले. सगळीकडचा निळा रंग धुऊन गेला होता. ओठ आणि हिरडीच्या मधल्या घडीत, जिथं ती वर्षानुवर्षं मिश्री धरत होती, तिथं ज्वारीच्या दाण्याएवढा निळा ठिपका तसाच राहिला होता. त्यांनी मलाही तो दाखवला. निळ्याखेरीज तिथं दुसरं काहीही नव्हतं. साध्या नजरेनं मी ती जागा शंभर वेळा पाहून सोडून दिली असती.

त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला आठ दिवस लागले आणि ते आठ दिवस मला आता नीट आठवतही नाहीत. मी कामावर जात होते, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते एवढंच. निकालात होतं, की पेशींचं रूप बदलायला लागलंय, पण कॅन्सर झालेला नाही. तेवढी जागा काढून टाकायची आणि मग दर सहा महिन्यांनी तोंड दाखवत राहायचं. डॉक्टरीणबाईंनी हे तिला समोर बसवून सांगितलं, कुठला शब्द न लपवता. तिनं एकच विचारलं, की मिश्री सोडावी लागंल का. हो म्हटल्यावर ती खिन्न झाली. कापण्याचं तिला काही वाटलं नाही.

ती जागा बधिर करून अर्ध्या तासात काम झालं. टाके असेपर्यंत तिखट खायचं नव्हतं, धुळीत राहायचं नव्हतं, म्हणून मी तिला घरी आणलं. आठवडाभर ती आमच्याकडं राहिली. ज्वारीची पातळ आंबील प्यायची आणि दिवसभर अंगणात उन्हाला बसायची. मेंढरांच्या आवाजाशिवाय तिला झोप लागत नव्हती, म्हणून दिवसा बसल्या बसल्या पेंगायची. पेंगता पेंगता स्वप्नं पडायची तिला, आणि जागी झाली की मला सांगायची. धरणाच्या पाण्याखाली गावं आहेत, तिथं अजून दिवे लागलेत आणि तिचा कळप पाण्याखालच्या रस्त्यानं चाललाय, असं एक स्वप्न तिनं सांगितलेलं आठवतं. त्या मेंढरांना बुडायची भीती नव्हती. मीही तिला माझं वाफेतल्या मेंढरांचं स्वप्न सांगितलं. तिला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. बांधून ठेवलेल्या मेंढीचं काय झालं, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, सोडली की, काय सुदिक नव्हतं तिला.

माझ्या मनानं मात्र याची मोठी गोष्ट करून टाकली होती. डॉक्टरीणबाईंनी ती थांबवली. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, म्हणाल्या. त्या तीन आकड्यांतल्या बाकी दोघांच्या तोंडात काहीच सापडलं नव्हतं. ते दोघं महिनाभर उगाच घाबरून राहिले. आणि पूर्णा गावचे एक निवृत्त रेल्वेवाले होते, हसतमुख. त्यांचा नमुना अगदी इतरांसारखा आला होता. त्यांना पुढच्या उन्हाळ्यात गालाच्या आत न भरणारी जखम झाली आणि ती कॅन्सरची निघाली. मी त्यांना भेटायला पूर्णेला गेले होते. रेल्वे क्वार्टरच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, बोलता येत नव्हतं. येणारी-जाणारी गाडी दिसली की हात वर करायचे. मी तासभर शेजारी बसले. त्यांची बायको म्हणाली, तुमच्या नळीत तर काय नव्हतं ना बाई? मी म्हटलं, नळीला दिसलं नाही. परत येताना गाडीत मी पहिल्यांदा त्या कामासाठी रडले.

प्रकल्प संपला. फ्रीजरमधल्या नळ्या मोठ्या शहरात गेल्या आणि तिथं त्यांच्यावर अजून काम चाललंय. डॉक्टरीणबाई कधीतरी फोन करतात. म्हणतात, हळूहळू कळायला लागलंय, घाई करू नका. मी माझ्या जुन्या लॅबमध्ये परतले.

मावशी दर सहा महिन्यांनी तपासणीला येते. आतापर्यंत चार वेळा आली आणि चारही वेळा डॉक्टरांनी सगळं चांगलं आहे म्हणून सांगितलं. मिश्रीच्या डबीत आता ती बडीशेप ठेवते. गेल्या खेपेला तपासणी लवकर आटोपली आणि बोरीवरून जाणाऱ्या जिंतूरच्या गाडीला अवकाश होता, म्हणून ती लॅबमध्ये आली. बाकावर पिशवी उशाला घेऊन आडवी झाली आणि बघता बघता गाढ झोपली. दुपारभर लोक रक्त द्यायला येत राहिले. मी त्यांना हळू बोलायला सांगत होते आणि तेही, कोण आहे काय आहे न विचारता, हळू बोलत होते. एका म्हाताऱ्यानं तर आपली चप्पल दाराबाहेर काढून हातात घेतली. चारला तिला जाग आली. आम्ही चहा घेतला आणि मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी होते. बस हलली तेव्हा ती शेजारच्या बाईशी बोलायला लागलीही होती, आणि माझ्याकडं बघायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.